हातात किती पडतात?

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



वर्धापनदिनाला व्याख्यान म्हटले म्हणजे संतवाङ्मय, आरोग्य किंवा मुलांचे संगोपन यांपैकी काहीतरी ऐकावयास मिळणार, अशी आपली समजूत असते. आमच्या चिटणीसबाईंनी मात्र मला पगारावर बोलण्यास सांगितले. मी एकतीस वर्षे एका कार्यालयात पगारपत्रके तयार केली. पहिली कित्येक वर्षे ती मोठ्या वहीत हाताने लिहिली आणि शेवटची काही संगणकावर केली. तेव्हा या विषयावर बोलण्याचा मला थोडाफार अधिकार पोहोचतो असे वाटते. कथाकीर्तनाची गोडी यात नाही, हे आधीच सांगून टाकते. आकडे येतील. ज्यांना आकड्यांचा कंटाळा असेल त्यांनी चहा येईपर्यंत सोसावे.

आपल्या जुळे सोलापुरात आज असे घर क्वचित सापडेल, की ज्या घरातला मुलगा, मुलगी, जावई किंवा सून पुण्याला, हैदराबादेला नाहीतर बंगळुरास नोकरीला नाही. आसरा चौकात भाजी घेताना दोन बायका भेटल्या की पहिला प्रश्न प्रकृतीचा आणि दुसरा 'पॅकेज किती?' हा असतो. लग्नाच्या पत्रिकेत गण, नाडी, गोत्र आणि त्याखाली पॅकेज. मुलाचे १२ लाख म्हटले की मुलीकडची मंडळी मनातल्या मनात बाराने भागतात आणि महिना १ लाख धरून उठतात. भागाकार बरोबर असतो. पण ज्या आकड्याला भागले तो पगार नसतो.

पॅकेज म्हणजे काय? एका माणसाला नोकरीत ठेवण्यासाठी मालकाला वर्षाकाठी जो एकूण खर्च येतो तो. त्यात मालक भविष्य निर्वाह निधीत जो आपला हिस्सा भरतो तो आला. पुढे कधीतरी द्यावयाच्या ग्रॅच्युइटीची तरतूद आली. दवाखान्याच्या विम्याचा हप्ता आला. काम चांगले झाले तर वर्षअखेरीस मिळणारा बोनसही आला. आपण ज्वारीचे पोते आणतो तेव्हा पोत्यावर लिहिलेले वजन आणि निवडून, पाखडून, दळून आणल्यावर डब्यात पडलेले पीठ यांत फरक असतो, याचे कोणाही गृहिणीस नवल वाटत नाही. पगाराच्या बाबतीत मात्र आपण पोत्याच्या वजनावर भाकऱ्या मोजतो.

हा हिशेब करण्यासाठी हल्ली मोबाईलवर पगाराचे कॅल्क्युलेटर मिळतात. पॅकेजचा आकडा घातला की क्षणात 'हातात इतके' असे उत्तर येते. सोय मोठी आहे. मला वहीवर जे करावयास अर्धा तास लागे, ते डोळ्याची पापणी लवण्याच्या आत होते. पण यंत्राला आपण जे सांगू तेवढेच त्याला कळते, आणि काय सांगावयाचे हे आपल्याला ठाऊक नसेल तर उत्तर चुकीचे येऊनही खरे वाटते. म्हणून एक उदाहरण आपण मिळून करू.

गेल्या वर्षी आमच्या ओळखीच्या एका घरी मुलीला पुण्याच्या एका कंपनीचे पत्र आले. पॅकेज ६ लाख. त्याच आठवड्यात सोलापुरातच महिना २८,००० ची एक नोकरी चालून आली. घरात दोन तट पडले. वडिलांनी सैफुलच्या बाजूला एक फ्लॅट पाहून ठेवला होता. मुलीचे महिना ५० हजार धरून २५ लाखांचे कर्ज काढावयाचे आणि हप्ता तिने भरावयाचा, असा त्यांचा बेत. आईला मुलगी घरात राहावी असे वाटे. मुलीला पुण्याला जावयाचे होते. मुलीने मोबाईलवर कॅल्क्युलेटर काढून उत्तर दाखविले, 'हातात ४६,८००.' वडील खूष झाले. आई पत्र घेऊन माझ्याकडे आली.

पत्राला चार पाने होती आणि खरा मजकूर शेवटच्या पानावरच्या कोष्टकात होता. मूळ वेतन महिना २५,०००, म्हणजे वर्षाचे ३ लाख. मालकाचा भविष्य निर्वाह निधीचा हिस्सा त्याच्या १२ टक्के, वर्षाचे ३६,०००. ग्रॅच्युइटीची तरतूद मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के, म्हणजे १४,४३०. वर्षअखेरीचा बोनस ६०,०००. विमा ५,५७०. या सर्वांची बेरीज १,१६,०००. ६ लाखांतून ती वजा केली की ४,८४,००० उरतात, म्हणजे महिना ४०,३३३. आता यातून मुलीचा स्वतःचा भविष्य निर्वाह निधीचा हिस्सा ३,००० आणि व्यवसाय कर २०० गेला. राहिले ३७,१३३. प्राप्तिकर शून्य. कॅल्क्युलेटरने काय केले होते? मालकाचा हिस्सा, ग्रॅच्युइटी, बोनस आणि विमा हे सगळे पगारच समजून घेतले होते, कारण त्याच्या त्या रकान्यांत कोणी काही भरलेच नव्हते.

यापुढचे काम यंत्राचे नव्हते. पुण्यात खोली आणि डबा मिळून १४,००० धरा. उरले २३,१३३. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांचे २५ लाखांचे कर्ज घेतले तर हप्ता सुमारे २१,७०० येतो. म्हणजे मुलीच्या हाती महिन्याला चौदाशे रुपये. त्यात कपडे, औषध, गड्ड्याच्या यात्रेला घरी येण्याचे भाडे, सारेच. उलट सोलापूरच्या नोकरीत २८,००० मधून निधीचे १,६८० आणि व्यवसाय कराचे २०० गेले की २६,१२०. स्कूटरचे पेट्रोल १,५०० धरले तर २४,६२०. तेव्हा ६ लाख आणि महिना २८ हजार यांत पहिल्या वर्षी हातातल्या पैशाचा असा फरक नव्हताच. असला तर सोलापूरच्या बाजूने होता!

पण एवढ्यावरून 'मग घरीच राहा' असे म्हणणे मला बरोबर वाटले नाही, आणि तसे मी त्या आईला सांगितले. पुण्याच्या नोकरीत दोघांचे मिळून महिना ६,००० निधीत जात होते, इथे ३,३६०. बोनस वेगळा. शिवाय दोन-तीन वर्षांनी तिथे पगार वाढण्याचा संभव जास्त. हातात कमी येते ते सगळेच वाया जाते असे नव्हे. काही दुसऱ्या खिशात जाते. शेवटी मुलगी पुण्याला गेली. वडिलांनी दुसरे, लहान घर पाहिले आणि १५ लाख कर्ज घेतले. हप्ता सुमारे १३,००० आणि तो आपल्या स्वतःच्या पगारातून. आईने एकच अट घातली होती, की मुलीच्या पगारावर घराचा हप्ता लादावयाचा नाही. माझ्या मते त्या घरात त्या दिवशी सर्वांत चांगला हिशेब त्या माऊलीने केला.

आता कपातींकडे वळू. पगारातून कापून घेण्याची गोष्ट सोलापूरला नवी नाही. १८७७ साली येथे पहिली कापड गिरणी उभी राहिली, जिला आपण जुनी गिरणी म्हणत आलो. त्या काळापासून उशीर झाला, धागा तुटला, कापडात दोष राहिला की कामगाराला दंड, ही गिरण्यांतली सर्वत्रची रीत. १९३६ साली वेतन देण्याविषयीचा कायदा झाला तेव्हा दंड रुपयामागे अर्ध्या आण्यापेक्षा जास्त घेता येणार नाही असे ठरले. आपल्या पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या भगिनींना तर मजुरी हजारावर मिळते, आणि कारखान्यात विड्या मोजून देताना 'छाट' बाजूला काढली जाते. किती वळल्या आणि किती धरल्या, हा फरक त्यांना कोणत्याही कॅल्क्युलेटरशिवाय तोंडपाठ असतो.

तेव्हाच्या कपाती मालकाच्या मर्जीच्या होत्या. आजच्या बहुतेक कायद्याच्या आहेत, हा मोठा फरक. भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ चा. मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या १२ टक्के आपले, तेवढेच मालकाचे. कायद्याने सक्ती आहे ती १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० च्या वेतनापर्यंत. म्हणून काही कंपन्या कितीही पगार असला तरी १,८०० च कापतात. वर सांगितलेल्या मुलीच्या बाबतीत असे केले असते, तर मालकाचा वाचलेला हिस्सा धरून तिच्या हातात महिना २,४०० जास्त आले असते आणि निधीत तितकेच कमी साठले असते. मालकाच्या हिश्शातले १५,००० पर्यंतच्या वेतनावर ८.३३ टक्के, म्हणजे जास्तीत जास्त १,२५०, पेन्शनच्या निधीत जातात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पासबुकात दोन्ही हिस्से सारखे दिसत नाहीत म्हणून ती घाबरतात. २०२४-२५ या वर्षासाठी निधीवर ८.२५ टक्के व्याज जाहीर झाले होते. बँकेच्या मुदतठेवीशी ताडून पाहा आणि मग ठरवा, की कापले ते गेले की ठेवले.

दुसरी कपात विमा योजनेची. महिना २१,००० पर्यंत वेतन असणाऱ्यांना ती लागू आहे. १ जुलै २०१९ पासून कामगाराचे पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन टक्के असा दर आहे. समजा एका भगिनीला १८,००० पगार आहे आणि त्यातले मूळ वेतन १२,००० आहे. निधीचे १,४४० आणि विम्याचे १३५ जाऊन तिला १६,४२५ मिळतील. १३५ रुपयांत तिच्यावर आणि तिच्यावर अवलंबून असणाऱ्या माणसांवर उपचार, आजारपणात काही भरपाई आणि पात्र ठरल्यास बाळंतपणाची २६ आठवड्यांची भरपगारी रजा. आपल्या शहरात होटगी रस्त्यावर या योजनेचे रुग्णालय आहे. तरी कित्येक घरी विम्याचे कार्ड गादीखाली पडून असते आणि खाजगी दवाखान्याची बिले भरली जातात. हे काही शहाणपणाचे नव्हे.

तिसरी कपात व्यवसाय कराची, आणि इथे मात्र भगिनींनो, कान देऊन ऐका. हा कर आपल्या राज्याचा आहे, १९७५ च्या कायद्याने आलेला. पुरुषाला महिना ७,५०० च्या वर पगार गेला की १७५ आणि १०,००० च्या वर २०० द्यावे लागतात. फेब्रुवारीत २०० चे ३०० होतात, म्हणजे वर्षाचे २,५००. राज्यघटनेनेच याहून जास्त घेण्यास मनाई केली आहे. स्त्रियांना मात्र १ एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० पर्यंत हा कर माफ आहे. पूर्वी ही मर्यादा १०,००० होती.

आपल्याच भागातली एक भगिनी एका खाजगी ठिकाणी २२,००० वर काम करते. मे २०२४ मध्ये तिने मला पगाराची स्लिप दाखविली, तर खाली २०० रुपये व्यवसाय कर! मागच्या स्लिपा काढून पाहिल्या. एप्रिल २०२३ पासून चौदा महिने सारखी कपात चालू होती. तेथील संगणकात जुनीच मर्यादा राहिली होती, एवढेच. लबाडी नव्हती, पण पैसे तिचे गेले होते. चौदा महिन्यांचे २,८०० असे ती म्हणाली. मी म्हटले, २,९००; मध्ये फेब्रुवारी येऊन गेला. एक साधा अर्ज लिहिला, स्लिपांच्या प्रती जोडल्या, आणि दोन हप्त्यांत सगळे परत मिळाले. अर्ज लिहिताना ती सारखी म्हणत होती, 'काकू, साहेब रागावतील हो.' साहेब रागावले नाहीत. तिच्याबरोबर काम करणाऱ्या आणखी दोघींचेही पैसे त्याच कागदावर सुटले.

प्राप्तिकराची भीती उगाच फार आहे. २०२५-२६ या वर्षासाठी नव्या पद्धतीत ४ लाखांपर्यंत कर नाही, पुढच्या ४ लाखांवर ५ टक्के, त्यापुढच्या ४ लाखांवर १० टक्के, असे टप्पे आहेत. आणि १२ लाखांपर्यंत करपात्र उत्पन्न असेल तर सवलत मिळून कर शून्यच होतो. नोकरदाराला ७५,००० ची सरसकट वजावट मिळते, म्हणून १२,७५,००० पर्यंतच्या पगाराला काही द्यावे लागत नाही. यात एक गंमत आहे. पगार १३ लाख झाला तर करपात्र उत्पन्न १२,२५,००० होते. टप्प्यांनी हिशेब केला तर कर ६३,७५० येतो. पण १२ लाखांच्या वर जितके उत्पन्न तितकाच कर, अशी सूट असल्याने तो २५,००० वर थांबतो, आणि ४ टक्के उपकर धरून २६,००० होतो. म्हणजे २५,००० ची पगारवाढ आणि २६,००० चा कर! पुढच्या वाढीत हे भरून निघते, पण पहिल्या वर्षी पेढे वाटण्यापूर्वी विचार करावा. जो कॅल्क्युलेटर येथे ६३,७५० आणि वर उपकर असे दाखवील, त्याला ही सूट शिकविलेली नाही असे समजावे.

कॅल्क्युलेटर कोणत्या वर्षाचा आहे, हे तर सर्वांत आधी पाहावे. ८ लाख पगाराला २०२४-२५ च्या दराने नव्या पद्धतीत २३,४०० कर बसत होता. २०२५-२६ मध्ये शून्य. जुन्या वर्षाचे यंत्र उघडले तर महिना १,९५० चा फरक पडला. जुनी पद्धत, म्हणजे घरभाडे, विमा, कर्जाचे व्याज वगैरे दाखवून सूट घेण्याची, अद्याप निवडता येते. पण ती मागून घ्यावी लागते, आणि १२,७५,००० च्या आतल्या नोकरदाराला तिच्या मागे धावण्याचे कारण सहसा उरलेले नाही. प्राप्तिकर खात्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर एक गणक आहे. त्यात कर कळतो, निधी आणि व्यवसाय कर कळत नाही. परंतु तो नाव किंवा पॅन न देता वापरता येतो. इतर काही ठिकाणी उत्तर दाखविण्यापूर्वी मोबाईल क्रमांक मागतात. तो दिला की दुसऱ्या दिवसापासून 'ताई, कर्ज हवे का?' असे फोन सुरू होतात. आपला पगार किती हे परक्याला स्वतः होऊन सांगावयाचे आणि मग तो दारात का आला म्हणून विचारावयाचे, यात काय अर्थ?

आणखी एक गोष्ट कोणत्याच यंत्राला कळत नाही. ती म्हणजे पतसंस्थेची कपात. शिक्षक, परिवहन, नगरपालिका, कुठेही पाहा. पगारदारांची पतसंस्था असते आणि तिचा कर्जाचा हप्ता पगारातूनच वळता होतो. माझ्या टेबलावर अशा कित्येक स्लिपा आल्या, की वरचा आकडा पाहून हेवा वाटावा आणि खालचा पाहून पोटात कालवावे. घरात ठाऊक नसलेले कर्ज पहिल्यांदा दिसते ते याच रकान्यात. मी हे कोणाच्या घरात भांडण लावण्यासाठी सांगत नाही. पण घर चालविणाऱ्या बाईने घरात येणाऱ्या पगाराची स्लिप वाचलेली असावी, एवढे माझे ठाम मत आहे. आणि तिचा स्वतःचा पगार असेल तर तिची स्लिप घरातल्यांनीही वाचावी.

शेवटी नवीन घडलेले सांगते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांपैकी वेतनाच्या संहितेत १९३६ चा तो दंडाचा कायदाही सामावला गेला. आता भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त दाखविले, तर वरचा भाग वेतनात धरावयाचा आहे. मूळ वेतन मुद्दाम लहान ठेवून भत्ते फुगविण्याची जी युक्ती होती, तिला यामुळे आळा बसेल. ज्यांचा निधी पूर्ण वेतनावर कापला जातो, त्यांच्या हातात थोडे कमी येईल आणि निधी व ग्रॅच्युइटी वाढेल. ज्यांचे १,८०० च कापले जातात, त्यांच्या निधीत सक्तीने फरक पडत नाही. मुलांचा फोन आला आणि 'आई, पगार कमी झाला' असे म्हणाली, तर आधी स्लिप मागवा. कमी झाला की दुसरीकडे गेला ते पाहा.

चहा आलेला दिसतो. चिटणीसबाईंशी बोलून असे ठरविले आहे, की येत्या महिन्यापासून दर शनिवारी दुपारी ४ ते ५ मी मंडळाच्या खोलीत बसेन. ज्यांना हिशेब करून हवा असेल त्यांनी पगाराची स्लिप आणावी. नव्या नोकरीचे असेल तर पत्राची सर्व पाने आणावी, शेवटचे विसरू नये. स्लिपेवरचे नाव झाकून आणले तरी चालेल. मोबाईल चालविणारी नात किंवा नातू बरोबर असल्यास उत्तम, कारण माझा चष्मा आणि तो लहान पडदा यांचे फारसे जमत नाही. आणि २५,००० च्या आत पगार असणाऱ्या भगिनींनी एप्रिल २०२३ पासूनच्या सगळ्या स्लिपा आणाव्यात, फेब्रुवारीच्या धरून.